मावशींचं नाव काय? : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट, फार्मासिस्ट या सगळ्यांना पुढे आयुष्यभर एकाच पेशंटभोवती काम करायचंय तर त्यांना शिकतानाच थोडं एकत्र शिकवा. त्यावर इतकी पत्रं आली की हा अख्खा कॉलम त्यावरच घेतेय. मी स्वतः आधी स्टाफ नर्स होते, मग बरीच वर्षं नर्सिंग कॉलेजात ट्यूटर, त्यामुळे उत्तरं त्या खुर्चीवरून दिलेली आहेत हे लक्षात ठेवूनच वाचा.

प्रश्न : ताई, तुम्ही म्हणता ते इंटरप्रोफेशनल एज्युकेशन म्हणजे मल्टिस्पेशालिटी हॉस्पिटलमध्ये असतं तेच ना? (एक वाचक, नगर)

नाही हो. मल्टिस्पेशालिटी म्हणजे हृदयाचे डॉक्टर, किडनीचे डॉक्टर, हाडांचे डॉक्टर एका छताखाली, पण सगळे डॉक्टरच. मी म्हणतेय ते वेगवेगळ्या पेशांबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये याचा एक आराखडा काढला, त्यातली व्याख्या सोपी आहे : दोन किंवा जास्त पेशांचे विद्यार्थी एकमेकांबद्दल, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकतात. यातलं 'एकमेकांकडून' अवघड आहे. एका हॉलमध्ये एमबीबीएस आणि नर्सिंगची मुलं बसवून वर एकच लेक्चर दिलं की झालं असं नसतं, त्याला फक्त गर्दी म्हणतात.

प्रश्न : मी बीएस्सी नर्सिंग थर्ड इयरला आहे. आमच्याकडे मेडिकलच्या मुलांबरोबर एक जॉइंट सेशन झालं, केस दिली आणि सगळ्यांनी बोला असं सांगितलं. आमच्यातलं कोणीच बोललं नाही, मी पण नाही. शेवटी सर म्हणाले की हे सगळं फॉरेनचं फॅड आहे, आपल्या कल्चरमध्ये चालणार नाही. खरंच असं आहे का? मला तेव्हापासून खूप वाईट वाटतंय कारण केसमध्ये काय चुकलंय ते मला कळलं होतं. (सातारा)

बाळा, आधी एक सांगते, तुझं काही चुकलं नाही.

आता सरांच्या म्हणण्याकडे येऊ. ते अर्धं खरं आहे. गीर्ट हॉफस्टेड नावाचे एक डच अभ्यासक होते, त्यांनी आयबीएम कंपनीच्या वेगवेगळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांच्या उत्तरांवरून देशांची तुलना केली आणि १९८० मध्ये ती मांडली. त्यातलं एक माप म्हणजे सत्तेतलं अंतर, म्हणजे वरचा वर आणि खालचा खाली हे लोकांना किती स्वाभाविक वाटतं. त्यात भारताला ७७ गुण आहेत, ब्रिटनला ३५, स्वीडनला ३१. या आकड्यांना मी फार चिकटत नाही, कारण एका कंपनीतले पगारदार म्हणजे देश नव्हे आणि आपल्याकडे तर सातारा आणि गडचिरोलीसुद्धा एक नाही. पण दिशा बरोबर आहे हे तुला आणि मला आकडे न बघताही माहीत आहे. राउंडला सर आले की नर्स खुर्चीतून उठते, फाइल हातात देते आणि एक पाऊल मागे उभी राहते. ते मागचं पाऊल आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं, ते आपण घरून घेऊन येतो.

आणि आपल्याकडे नुसता हुद्दा नसतो ना. नर्सिंग बाईचं काम, डॉक्टरकी बरीच वर्षं पुरुषाचं काम. शिवाय रक्त, मलमूत्र, बाळंतपण हे सगळं आपल्या समाजाने विटाळाचं मानलं आणि ठरावीक जातींच्या अंगावर टाकलं, तेच काम पुढे ट्रेनिंग घेऊन, पांढरा गणवेश घालून केलं तरी तो जुना वास लोकांच्या मनातून गेला नाही. म्हणून जॉइंट सेशनमध्ये तू गप्प बसलीस तेव्हा एक अख्खी उतरंड तुझ्या डोक्यावर होती आणि सरांनी एका वाक्यात सांगितलं, बोला.

माझं म्हणणं सरांपेक्षा वेगळं इथे आहे. 'बोला' हा धडा जिथून आला तिथे तो चालतो कारण तिथे बोलल्यावर काही होत नाही हे लहानपणापासून माहीत असतं. आपल्याकडे पहिला धडा वरच्याला द्यायला हवा, आणि तो म्हणजे विचारा. नाव घेऊन विचारा, सगळ्यांसमोर विचारा, आणि उत्तर आलं की ते फळ्यावर लिहा. त्या सेशनमध्ये सर तुझ्याकडे वळून म्हणाले असते की तुम्ही पेशंटजवळ आठ तास असता, तुम्हाला यात काय खटकतंय, तर तू बोलली असतीस. मोठ्यांनी विचारल्यावर उत्तर न देणं हा आपल्याकडे उद्धटपणा समजतात, म्हणजे तीच संस्कृती तेव्हा तुझ्या बाजूने उभी राहिली असती.

आणि आपल्याकडे हे घडलेलं आहे. जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं. आधी त्यांचा विचार नर्सबाईंना गावात ठेवायचा होता, ते जमलं नाही, मग गावानेच निवडलेल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण द्यायचं ठरलं. बऱ्याच जणी निरक्षर, कित्येक दलित. त्या जामखेडला येऊन शिकायच्या, वेगवेगळ्या जातींच्या बाया एकत्र जेवायच्या, एकत्र राहायच्या, आणि परत जाऊन गावात जे दिसलं ते पुढच्या वेळी डॉक्टरांना सांगायच्या. कुठल्या घरात मूल सुकतंय, कुठली बाई तपासायला यायला का घाबरते, हे डॉक्टरांना त्यांच्याकडून कळायचं. एकमेकांकडून शिकणं म्हणजे हेच, आणि हे जागतिक संघटनेच्या आराखड्याच्या ४० वर्षं आधी दुष्काळी भागात चालू झालं. तेही याच कल्चरमध्ये.

प्रश्न : मी मूळची कोल्हापूरची, गेली दोन वर्षं इंग्लंडमध्ये नर्स आहे. इथे कन्सल्टंटला पण पहिल्या नावाने हाक मारतात. माझी जीभच वळत नाही, मी अजून डॉक्टर डॉक्टरच करते. माझ्या अप्रायझलमध्ये लिहिलंय की मी असर्टिव्ह नाही, म्हणजे माझं मत ठामपणे मांडत नाही. क्लिनिकली मी कोणापेक्षा कमी नाही ताई, पण हे ऐकून रडू आलं. स्वतःला बदलायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. परदेशात गेलेल्या आपल्या कितीतरी मुलींची हीच गोष्ट आहे, हाताला काम येतं पण तोंडाला वेगळी सवय.

आधी तिकडचं थोडं समजून घे म्हणजे तो शेरा मनाला कमी लागेल. ब्रिस्टलच्या हॉस्पिटलमध्ये १९८० आणि ९० च्या दशकात लहान मुलांच्या हृदयाच्या ऑपरेशनमध्ये अपेक्षेपेक्षा जास्त मुलं दगावली. तिथल्या एका भूलतज्ज्ञाने धोका सांगायचा प्रयत्न केला होता तरी पुढची वर्षं ते चालू राहिलं. सरकारी चौकशीचा अहवाल २००१ मध्ये आला, आणि वेगवेगळ्या पेशांनी एकत्र शिकावं यावर त्यात मोठा भर होता. म्हणजे तुला वाटतं की हे लोक जन्मतःच मोकळे आहेत, तर तसं नाहीये, तिकडेही उतरंड होती आणि मुलं गमावून त्यांनी हे शिकून घेतलंय. तुझ्या मॅनेजरला असर्टिव्ह हा शब्द इतका महत्त्वाचा वाटतो त्यामागे हे आहे.

दुसरी गोष्ट. केट ग्रेंजर नावाच्या तिथल्याच एक डॉक्टर होत्या, वृद्धांच्या आजारांच्या. त्यांना स्वतःला कॅन्सर झाला. २०१३ मध्ये त्या पेशंट म्हणून ॲडमिट होत्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की येणारा-जाणारा स्टाफ आपलं नावच सांगत नाही, आणि ज्याने नीट नाव सांगितलं तो होता त्यांना ऑपरेशन थिएटरमध्ये नेणारा पोर्टर, म्हणजे आपल्याकडचा वॉर्डबॉय. त्यातून त्यांनी 'हॅलो, माझं नाव अमुक' अशी मोहीम काढली, ती पूर्ण ब्रिटनभर पसरली. २०१६ मध्ये त्या गेल्या. तुझ्या हॉस्पिटलमधल्या कोणाच्या ना कोणाच्या बिल्ल्यावर ते वाक्य तुला दिसेल.

आता तुझ्यासाठी. नावाने हाक मारायची जबरदस्ती स्वतःवर करू नकोस, डॉक्टर म्हणत राहिलीस तरी कोणाचं काही बिघडत नाही. काम दुसरीकडे कर. तिकडे फोनवर पेशंट सांगताना एसबार वापरतात ना, परिस्थिती, पार्श्वभूमी, तुझं मूल्यमापन आणि तुझी शिफारस. मी इतक्या मुलींना हे शिकवलंय की डोळे मिटून सांगते, आपल्या मुली पहिले तीन भाग झकास सांगतात आणि चौथ्याला येऊन म्हणतात, 'डॉक्टर, आता काय करू?' शिफारस करणं म्हणजे डॉक्टरांना शिकवणं असं आपल्याला आतून वाटतं. तर फक्त तो चौथा भाग बदल. 'तुम्ही दहा मिनिटांत येऊन पेशंट बघावा असं मला वाटतं.' हे वाक्य 'डॉक्टर' लावून, अगदी नम्र आवाजात बोलता येतं. रोज एकदा बोल. आणि मॅनेजरला स्पष्ट सांग की मी जिथे शिकले तिथे वरच्याने विचारल्याशिवाय बोलणं उद्धटपणाचं असतं, त्यामुळे हँडओव्हरला, म्हणजे ड्युटी बदलताना, मला थेट विचारत जा, मी उत्तर देईन. परदेशी नर्सेसना घ्यायचं तर तेवढं त्यांनीही शिकावं.

प्रश्न : मॅडम, मी सर्जरीचा रेसिडेंट आहे. तुमचा लेख पटला नाही. इमर्जन्सीमध्ये चर्चा करत बसलो तर पेशंट जाईल. कोणीतरी एकाने ठरवावं लागतं आणि बाकीच्यांनी ऐकावं लागतं. आणि जबाबदारी शेवटी आमच्यावरच येते, मार पण आम्हीच खातो. (पुणे)

शेवटचं वाक्य खरं आहे आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. नातेवाईक चिडले की आधी रेसिडेंटला धरतात.

एकाने ठरवावं हे मलाही मान्य आहे. पण ठरवणाऱ्याला माहिती लागते आणि ती पाच वेगवेगळ्या माणसांकडे विखुरलेली असते. मला जी चूक अजून झोपू देत नाही ती सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली नाइट ड्युटी, पोटाचं ऑपरेशन झालेल्या एक आजी. रात्री बाराच्या सुमाराला वॉर्डातल्या मावशी मला म्हणाल्या, 'सिस्टर, आजींची पिशवी संध्याकाळपासून भरलीच नाहीये.' लघवीची पिशवी रिकामी करायचं काम त्यांचं, त्यामुळे ते आधी त्यांनाच दिसलं. मी चार्ट लिहीत होते, मान वर न करता म्हटलं, 'बघते मावशी, तुम्ही जा.' आणि मी पहाटे पाचला बघितलं. आजी वाचल्या, पण पुढचे बरेच दिवस त्यांचे फार हाल झाले.

तुम्हाला वाटेल मी डॉक्टरांविरुद्ध बोलतेय. त्या रात्री वरच्या खुर्चीत मी होते. जे डॉक्टर माझं ऐकत नाहीत म्हणून मी कुरकुर करायचे, तेच मी मावशींशी केलं. आणि सगळ्यात लाज याची वाटते की सकाळी रिपोर्टमध्ये 'हे मावशींनी आधी सांगितलं होतं' असं लिहायला गेले तर मला त्यांचं नावच माहीत नव्हतं. सहा महिने आम्ही एका वॉर्डात होतो. आपल्याकडे वॉर्डबॉय म्हणजे मामा, आया म्हणजे मावशी, नर्स म्हणजे सिस्टर. ऐकायला किती घरगुती, पण नात्याचं नाव लावलं की माणसाचं स्वतःचं नाव विचारायची गरज उरत नाही.

तुमच्या थिएटरमध्ये सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट असेल, ऑपरेशनच्या वेळी एकेक गोष्ट तपासून टिक करायची यादी. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणली, आठ शहरांमधल्या आठ हॉस्पिटलमध्ये तपासली, त्यात आपलं दिल्लीही होतं. त्या कामाचं नेतृत्व केलं अतुल गावंडे यांनी, ज्यांच्या वडिलांचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. मोठ्या ऑपरेशननंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ वर. चीर देण्याआधी थांबून काय करायचं असतं ते बघा : टीममधल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. किती ठिकाणी ते खरंच सांगितलं जातं आणि किती ठिकाणी नुसती टिक होते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. एकदा तोंड उघडून नाव सांगितलेलं माणूस पुढे मॉप (रक्त टिपायचं कापड) मोजताना एक कमी भरतोय हे सांगायला कमी घाबरतं, इतका साधा विचार आहे त्यामागे. इमर्जन्सीत चर्चा करू नका, हुकूम द्या. पण शांत वेळेला असं वागा की हुकूम चुकत असेल तर कोणीतरी ओरडेल.

प्रश्न : मी एका फिजिओथेरपी कॉलेजमध्ये शिकवते. शेजारीच मेडिकल आणि नर्सिंग आहे, तरी आमचं एकमेकांकडे जाणं-येणं नाही. मॅनेजमेंट म्हणते एखादं फॉरेन मॉडेल आणा. कुठल्या देशाचं आणावं? (विदर्भ)

मॉडेल उचलून आणू नका, पण बघून नक्की या, निदान वाचून.

सगळ्यात गाजलेलं स्वीडनचं. लिंशोपिंग विद्यापीठात १९८६ पासून आरोग्याच्या सगळ्या शाखांची मुलं सुरुवातीपासून काही भाग एकत्र शिकतात, आणि १९९६ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांनी चालवायचा वॉर्ड काढला. मेडिकल, नर्सिंग, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपीची मुलं मिळून दोन आठवडे खरे पेशंट सांभाळतात, अंघोळ घालण्यापासून सगळं, सीनियर मागे उभे असतात. ऐकून मला हेवा वाटतो. पण हे तिथे रुजलं त्याच्या आधी काय झालं होतं ते बघा. स्वीडिश भाषेतही आपल्यासारखी आदराची भानगड होती, समोरच्याला पदवी लावून, तिसऱ्या पुरुषात बोलायचं. १९६७ मध्ये तिथल्या सरकारी वैद्यकीय खात्याचे नवे प्रमुख आले, ब्रॉर रेक्सेड, आणि पहिल्याच भाषणात त्यांनी सांगितलं की मी सगळ्यांना 'तू' म्हणणार आणि तुम्हीही मला म्हणा. मणक्यातल्या मज्जारज्जूचे जे रेक्सेडचे थर तुमची मुलं ॲनाटॉमीत पाठ करतात, तेच हे रेक्सेड! हे वारं समाजात आधीच सुटलं होतं, पण सगळ्यांच्या लक्षात राहिलं ते वरच्या माणसाने स्वतः पहिल्यांदा म्हटलं ते. त्या 'तू' नंतर एक पिढी गेली आणि मग तो वॉर्ड आला.

आपल्याकडे उद्या डीनना कोणी तू म्हणायची गरज नाही, आणि मला ते आवडणारही नाही. मराठीत 'अहो' आणि 'तुम्ही' मध्ये माया आहे. मी माझ्या कॉलेजात फक्त उलटं करून बघितलं, मावशी-मामांपासून फर्स्ट इयरच्या मुलीपर्यंत सगळ्यांना अहो-जाहो आणि नावाने बोलायचं. वरच्याला खाली ओढण्यापेक्षा खालच्याला वर घेणं आपल्या भाषेला जास्त सोपं जातं. पहिले आठ दिवस सगळे अवघडले, नंतर जमलं.

तुम्हाला जास्त उपयोगी जपान पडेल असं माझं मत आहे. तिथेही सीनियर-ज्युनियर फार, चारचौघांत वरच्याला खोडणं वाईट, आणि हॉफस्टेडच्या अनिश्चितता टाळण्याच्या मापात ९२, म्हणजे आधी न ठरलेलं काही नको. तरी तिथे हे शिक्षण चांगलं रुजलंय, गुन्मा विद्यापीठ तर २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचं याच विषयाचं सहयोगी केंद्र झालं. गरजही तशी होती, म्हातारी माणसं खूप, २००० पासून दीर्घकालीन देखभालीचा विमा, मग एका आजोबांच्या घरी डॉक्टर, नर्स, केअर मॅनेजर, फिजिओ सगळ्यांना एकच प्लॅन करावा लागतो. आणि त्यांची एक जुनी पद्धत आहे, नेमावाशी. झाड दुसरीकडे लावायच्या आधी मुळांभोवती हळूहळू खणून तयारी करतात त्यावरून आलेला शब्द. म्हणजे मीटिंगच्या आधीच प्रत्येकाशी वेगवेगळं बोलून घ्यायचं, मीटिंगमध्ये कोणाचा पाणउतारा होत नाही. हे आपल्याला जमण्यासारखं आहे, लग्न ठरवताना आपण हेच तर करतो.

सरकारी चौकटीचं म्हणाल तर आपल्याकडे प्रत्येक पेशाची कौन्सिल वेगळी, परीक्षा वेगळी, टाइमटेबल वेगळं. एमबीबीएसला २०१९ पासून एटकॉम नावाचा अभ्यासक्रमाचा भाग आला, त्यात संवाद आणि नीतिमत्ता आहे, तुमच्या पेशासाठी २०२१ चा ॲलाइड हेल्थकेअरचा कायदा आला, पण कागद एकमेकांशी बोलत नाहीत. एक जमेची बाजू आहे : नाशिकचं आरोग्य विद्यापीठ. १९९८ पासून मेडिकल, नर्सिंग, फिजिओ, आयुर्वेद सगळं एकाच छत्राखाली. ती सोय सगळ्याच राज्यांना नाही.

परवानगीची वाट बघू नका, छोटं काढा. तुमच्या शाखेत भरपूर असतात तसा अर्धांगवायूचा एक पेशंट घ्या, दोन फिजिओ, दोन मेडिकल, दोन नर्सिंगची मुलं, सहाच. पहिल्या दिवशी डॉक्टर शिक्षकाला सांगा की त्यांनी काही शिकवायचं नाही, फक्त तीन प्रश्न विचारायचे, आणि सुरुवात सगळ्यात ज्युनियर मुलीपासून. मुलांना आधी चिठ्ठीवर लिहू द्या, मग बोलू द्या, लिहिलेलं वाचताना भीती निम्मी होते. पेशंटच्या बायकोलाही बोलवा, ती रात्री त्याला कुशीवर कशी वळवते ते कोणालाच माहीत नसतं. आणि वॉर्डातल्या मावशींना मधली खुर्ची द्या, नाहीतर त्या दाराशी उभ्या राहतील. बसल्यावर त्यांना आधी नाव विचारा, आणि ते फळ्यावर बाकी नावांच्या ओळीतच लिहा.